कोट धरणारा

बुधवार, ६ ऑक्टोबर १९७१

बायकोने, कोरिनने, ही वही माझ्या वाढदिवसाला दिली ती गाणी लिहायला. गाणी काही सुचत नाहीत. म्हणून आपलं रोजचं लिहितो आणि वही स्टेजच्या बुटांच्या खोक्यात ठेवतो. त्या बुटांचा वास असा आहे की बायको काय, चोरसुद्धा तिथे हात घालणार नाही.

शनिवारी ब्रॉड स्ट्रीटवरच्या थिएटरात आमचा कार्यक्रम. पाच महिने गावोगाव गाऊन आता घरच्या लोकांसमोर. फिलाडेल्फियाचे लोक परक्याला एकवेळ सोडतील, घरच्याला सोडणार नाहीत. शिवाय न्यूयॉर्कहून रेकॉर्ड कंपनीचा एक मिस्टर फेल्डर येणार आहे. त्याला आवडलं तर नवी रेकॉर्ड. नाही आवडलं तर आम्ही ‘ॲम्बरटोन्स’ चौघे आपापल्या जुन्या कामावर, म्हणजे मी लाँड्रीत इस्त्री घेऊन उभा.

आज मिस ओलाच्या तळघरात तालीम झाली. मिस ओला म्हणजे अलोन्झोची आई. बारा वर्षांपूर्वी, आम्ही कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाखाली गायचो तेव्हापासून, तिने आम्हाला हे तळघर आणि वर तळलेले मासे दिले आहेत. अलोन्झो पुढे उभा राहून गातो. मागे आम्ही तिघे एका माइकवर: मी, खर्जातला पर्व्हिस आणि हॉलिस, जो दिवसाला चार वाक्यं बोलतो.

आमचं एकच गाणं गाजलं, ‘थांब थोडी’. त्याच्या शेवटाकडे एक सूर आहे, बाईच्या आवाजालाही अवघड असा उंच. रेकॉर्डवर तो अलोन्झोचाच आहे. पण दोन वर्षांपूर्वी बाल्टिमोरमध्ये अंगात ताप असताना तो नऊ दिवस गायला आणि तिथून त्याचा वरचा आवाज गेला. बाकीचा अजून लोण्यासारखा आहे. तेव्हापासून तो सूर मी लावतो. अलोन्झो मागे झुकतो, डोळे मिटतो, माइक हातभर लांब धरतो, दुसरा हात वर. त्याच क्षणी आम्ही तिघे गिरकी घेतो, मी लोकांकडे पाठ करतो, पर्व्हिस आणि हॉलिस दोन्हीकडून खांदे लावून माझं तोंड झाकतात. लोक म्हणतात, काय तो अलोन्झो! माइक इतका लांब आणि सूर बघा!

याला आम्ही ‘कोट धरणं’ म्हणतो. चर्चमध्ये पास्टर उपदेश करताना तापले की कोट काढतात आणि एक जण मागे उभा राहून तो धरतो. सगळे पास्टरकडे बघतात. कोट धरणाऱ्याकडे कोण बघतो? आम्ही चौघांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहे की हे आम्हा चौघांबाहेर जाणार नाही. बायकोला नाही, आईला नाही.

जेवताना कोरिन म्हणाली, “बाकी गाणं ठीक आहे रे. पण अलोन्झो तो सूर लावतो ना, माझ्या हातावर काटा येतो. हे बघ, नुसतं बोलतानासुद्धा आला!”

मी तिच्या हातावरचा काटा पाहिला. माझ्याच सुराचा.

“तू पण छान गातोस हं मागे,” ती म्हणाली आणि मला आणखी पालेभाजी वाढली.

रविवार, १० ऑक्टोबर

पहिल्यांदा लिहून टाकतो: काल माझा घसा बसला. असं कोणाचंही होतं. पाच महिने गाऱ्हाणं न करता गाणारा घसा एखाद्या दिवशी दगा देतो. सकाळपासूनच मला थोडं खरखरत होतं, आता आठवतं. हवाही कोरडी होती.

दुपारी तीनचा खेळ. थिएटर खच्चून भरलेलं. तिसऱ्या रांगेत मिस ओला, डोक्यावर ईस्टरची टोपी. दोन खुर्च्या सोडून कोरिन. ‘थांब थोडी’ शेवटाला आलं. अलोन्झो मागे झुकला, डोळे मिटले, माइक लांब, हात वर. आम्ही गिरकी घेतली. आणि काही नाही. वाद्यवाले थांबून राहिले. एवढ्या मोठ्या थिएटरात मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

मग बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, “अरे, त्याला कोणीतरी शिडी द्या!”

हशा पिकला. अलोन्झोने डोळे उघडले, माइक जवळ आणला आणि तो सूर स्वतः लावायला गेला. आवाज फाटला. मग तर लोक खुर्च्या बडवायला लागले. तो पळाला नाही. गाणं पूर्ण केलं, वाकून नमस्कार केला आणि सरळ आत गेला. रात्रीच्या खेळातून मॅनेजरने आम्हाला काढून टाकलं.

आत कपडे बदलताना मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. पर्व्हिस म्हणाला, “घसा? मी तुझ्या शेजारी उभा होतो, लूश.”

“मग दिसलंच असेल तुला,” मी कुजबुजलो.

“होय, होतो ना शेजारी,” एवढंच बोलून तो बुटाची नाडी सोडायला लागला. नशीब, त्याने विषय वाढवला नाही.

अलोन्झोने माझ्या गळ्याला रुमाल गुंडाळला. “बोलू नकोस,” म्हणाला. “बोललास तर आणखी बिघडेल.”

बुधवार, १३ ऑक्टोबर

चार दिवस कुजबुजतच बोलतो आहे. कोरिन लिंबू-मध देते.

सलूनमध्ये गेलो तर तिथे एकच विषय. व्हिटलोचा मुलगा, म्हणजे आमचा अलोन्झो, संपला. एक जण हात वर करून, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि सगळे हसून लोळले. मला पाहून म्हणाले, “तुमचं वाईट वाटतं बाबा. तुमच्यासारख्या चांगल्या पोरांना बुडवलं त्याने.” मी घसा दाखवून काही बोललो नाही. घसा बसल्याचा एवढा फायदा आहे.

फेल्डरने पर्व्हिसला फोन केला होता. गाणं त्याला आवडलं. म्हणाला, पुढे दुसरा कोणी उभा करा, अठ्ठावीस तारखेला स्टुडिओ देतो. कोरिन म्हणाली, “बिचारा अलोन्झो. पण आवाजच गेला त्याचा, तर कोण काय करणार? तूच राहा ना पुढे.” ऐकून बरं वाटलं, हे लपवून काय करू?

संध्याकाळी अलोन्झो आला. हातात बाटली, तिच्यात खडीसाखर, कांद्याचा रस, थोडी व्हिस्की. त्याच्या आजीचं औषध. त्याने पाव पोचवणाऱ्या गाडीवर काम धरलं आहे, पहाटे चारला निघतो. स्वतःच्या मानहानीबद्दल एक अक्षर नाही. माझ्या समोर बसून मला ते औषध प्यायला लावलं.

“दुखतं कुठे नक्की?” त्याने विचारलं. मी गळ्यावर कुठेतरी बोट ठेवलं.

“काही सांगायचं असेल तर कागदावर लिही,” तो म्हणाला आणि खिशातून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. बराच वेळ बसला. मी लिहिलं, ‘औषध फार कडू आहे.’ त्याने वाचलं, हसला आणि पेन्सिल न्यायची विसरून गेला. एवढा भला माणूस मी पाहिला नाही.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

अलोन्झो मला स्वतः घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कामावरून सुट्टी काढून. डॉक्टरने आरसा घालून बघितलं, आ करायला लावलं, ई करायला लावलं.

“घोड्यासारखा ठणठणीत घसा आहे,” तो म्हणाला.

“डॉक्टर, नीट बघा,” अलोन्झो म्हणाला. “काहीतरी असेलच. सूज वगैरे.”

“काही नाही.”

“आठ दिवसांपूर्वी असेल. आता उतरली असेल. असं होतं ना?”

“होऊ शकतं म्हणा.”

“मग तसं लिहून द्या. सूज होती म्हणून.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, अलोन्झोकडे पाहिलं आणि खांदे उडवून कागदावर लिहून दिलं. अलोन्झोने तो कागद चार घड्या करून पाकिटात ठेवला, तो जणू त्याच्याच आजाराचा कागद होता. माझ्या काळजीने त्याचा जीव किती वर-खाली होतोय! वाटेत त्याने मला मोहरीची चटणी लावलेला प्रेट्झेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, घेऊन दिला. मला तो गिळवेना. घशाला काही झालेलं नसताना.

सोमवार, १८ ऑक्टोबर

वहीत तरी खोटं कशाला? इथे कोण वाचणार आहे?

माझा घसा बसला नव्हता.

गिरकी घेण्याआधी माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. कोरिन अंगातल्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर सारत होती. शेजारच्या बाईला हात दाखवून काहीतरी सांगत होती. बघा हं आता, अलोन्झोचा सूर आला की कसा काटा येतो ते बघा. मी गिरकी घेतली. पोट भरून श्वास घेतला. सूर अगदी ओठावर होता. आणि मी तोंड उघडलं नाही.

एवढंच. रागाने थरथरतही नव्हतो. मनात आलं, आज तिच्या हातावर काटा येऊ नये. अलोन्झोची नाचक्की व्हावी असं काही डोक्यात नव्हतं. पण त्याचा हात वर होता, डोळे मिटलेले होते, हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडावर कोणी कुलूप घातलं नव्हतं. चार ठोके होते. पहिला चुकला म्हणू. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ठोक्याला लावता आला असता.

त्याने मला बारा वर्षांत एकदाही कमी लेखलं नाही. तापात फणफणत असताना तो बाल्टिमोरला का गायला? कारण माझं लग्न त्या महिन्यात होतं आणि कार्यक्रम बुडाले असते तर ते पुढे ढकलावं लागलं असतं. त्याचा आवाज माझ्या लग्नापायी गेला. मी त्या आवाजाची परतफेड ही अशी केली.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

मिस ओलाने बोलावणं धाडलं. रताळ्याचा ‘पाय’, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, समोर ठेवला. स्वतःला मात्र नुसतं पाणी.

“तुम्ही नाही घेत?” मी विचारलं, कुजबुजतच. मला आता नीट बोलायची लाज वाटते.

“माझा उपास आहे. तीन दिवस. तुझ्या घशासाठी.”

माझा घास तोंडातच राहिला.

“खा, लेकरा. आणि माझ्याशी नाटक करू नकोस,” ती म्हणाली. मला दरदरून घाम फुटला. “मला सगळं माहीत आहे. दोन वर्षांपासून तो सूर तू लावतोस. अरे, ज्याचं पहिलं रडणं मी ऐकलं, त्याचा आवाज मला ओळखू येणार नाही? पहिल्याच दिवशी ओळखलं. बोलले नाही. त्याला वाटतं मला कळत नाही, तर वाटू दे.”

मी डोकं खाली घातलं.

तिने टेबलावरून माझा हात धरला. “कोणी टाळी वाजवली नाही, कोणी नाव घेतलं नाही, तरी माझ्या पोराचा कोट दोन वर्षं धरलास. सख्खा भाऊ करणार नाही एवढं. आता तुझा घसा गेला तर लोक त्याला हसले, त्याचं मला दुःख आहेच. पण तुझं कोणी विचारत नाही, त्याचं जास्त आहे. म्हणून हा उपास.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आज कळलं. मी पायची दुसरी फोडही खाल्ली. तिने वाढली, नाही कसं म्हणू?

रविवार, २४ ऑक्टोबर

प्रार्थनेसाठी कोणाला काही मागायचं आहे का, असं पास्टर गॅडिसनी विचारताच मिस ओला उठली. पांढऱ्या कपड्यात, काठीवर टेकून.

“ब्रदर ल्यूशियसच्या घशासाठी मागते,” ती म्हणाली. “त्याने एक ओझं वाहिलंय. कसलं ते देवाला ठाऊक आणि मला ठाऊक. बाकीच्यांनी विचारू नये.”

मला पुढे जावं लागलं. पास्टरनी बाटलीतलं तेल बोटावर घेऊन माझ्या गळ्याला लावलं. मग चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायका, ज्यांना आम्ही ‘आया’ म्हणतो, त्या सगळ्या पुढे आल्या, पांढऱ्या टोप्या, पांढरे हातमोजे, बारा-पंधरा जणी. एकीचा हात गळ्यावर, एकीचा डोक्यावर, दोघींचे पाठीवर. कोणी रडत होती, कोणी देवाला दटावत होती. ठणठणीत घशासाठी एवढे अश्रू! मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. फाटली नाही. आमच्या चर्चची जमीन गेल्याच वर्षी नवी टाकली आहे.

“बोल, पोरा! गा! देवाला आवाज दे!” पास्टर गरजले.

आता गप्प कसा राहू? मी ‘आमेन’ म्हणून सूर लावला. आणि तो वरचा सूर, दोन आठवडे दाबून ठेवलेला, असा निघाला की छताला जाऊन भिडला. चर्चभर कल्लोळ झाला. दोघी जणी जागच्या जागी कोसळल्या, एकीची टोपी उडाली, ऑर्गनवाल्याने सगळ्या पट्ट्या दाबल्या. मिस ओला दोन्ही हात वर करून रडत होती. कोरिन तेवढी जागेवर बसून होती, उघड्या हातावरून दुसरा हात फिरवत. तिला गारठा लागला असावा. दार उघडं होतं.

दाराशी अलोन्झो उभा होता, लोकांना जागा दाखवायचं काम त्याचं. बाहेर पडताना त्याने पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

“बरा झाला ना घसा?”

“झाला.”

“म्हणजे झालं ते घशानेच झालं. होय ना, लूश?”

“होय.”

“मग संपलं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “मंगळवारी तालमीला येतो. आपल्या दोघांचं काम तसंच चालू ठेवू.”

मंगळवार, २६ ऑक्टोबर

अलोन्झो आला. पर्व्हिसने फेल्डरला फोन करून सांगितलं की पोराला त्या दिवशी बरं नव्हतं, आता ठीक आहे. फेल्डर म्हणाला, गुरुवारी आणा, एकदा ऐकतो. एकच संधी.

तळघरात चौघे उभे राहिलो आणि पहिल्याच ओळीला सगळं जागच्या जागी बसलं. अलोन्झोचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. शेवटाला तो झुकला, डोळे मिटले, हात वर केला. मी सूर लावला. हॉलिसने आपल्या चार वाक्यांतलं एक खर्च केलं: “हे बरं झालं.” पर्व्हिसने माझ्या खांद्यावर खांदा टेकवून ठेवला, कमी नाही की जास्त नाही. एकही टोमणा मारला नाही. म्हणाला, “झालं ते गेलं. आता उकरू नका कोणी.” कोणाला उद्देशून कोण जाणे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण खाई त्याला खवखवे. अलोन्झो डोळे मिटून उभा राहतो तेव्हा माझी पाठ असूनही त्याच्या मिटलेल्या पापण्या माझ्या डोळ्यांपुढे येतात आणि वाटतं, हा किती विश्वासाने उभा आहे आणि याला काही माहीत नाही! असा खोटा माणूस मागे घेऊन त्याने का गावं? त्याला खरं कळायला हवं. माझ्या तोंडून कळायला हवं. एकदा सांगितलं की मी मोकळा, तो मोकळा, आणि मग स्वच्छ मनाने गाऊ. तो भला आहे. माफ करील.

घरी आलो तर कोरिनने विचारलं, “तो सूर येतो तेव्हा तुम्ही तिघे पाठ का करता रे?”

“स्टेप आहे ती. पर्व्हिसने बसवली.”

“त्या शनिवारीही केली होती?”

“नेहमीच करतो.”

तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः न जेवता कपड्यांच्या घड्या करत बसली. उशिरा आल्याचा राग असावा.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सकाळी नऊला अलोन्झो मला त्याच्या गाडीतून घेऊन निघाला. आम्ही स्टुडिओसमोर वेळेआधी पोचलो. त्याने नवा टाय बांधला होता, तो मिस ओलाने इस्त्री केलेला. तो हलकेच गुणगुणत होता. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

“अलोन्झो, माझा घसा बसला नव्हता.”

त्याचं गुणगुणणं थांबलं. “गप्प बस, लूश.”

“नाही, मला सांगू दे. त्या दिवशी मी...”

“गप्प बस म्हणतो ना! वर चल. दहाला बोलावलंय.”

“मी मुद्दाम लावला नाही तो सूर. मला लावता येत होता. कोरिन नेहमी तुझंच कौतुक करते, म्हणून माझ्या मनात पाप आलं. जवळजवळ तीन आठवडे मी जळतोय. तू मला काय वाटेल ते बोल, मार, पण...”

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तेव्हाच. तू श्वास घेतलास तो मी ऐकला. बारा वर्षं आपण एकदम श्वास घेतोय. घसा बसलेला माणूस तसा पोटभर श्वास घेत नाही.”

“मग ते डॉक्टर? आजीचं औषध? चर्चमधलं तेल?”

“तुझ्यासाठी आजार शोधत होतो,” तो म्हणाला. “त्याआधी पेन्सिलही ठेवली तुझ्यासमोर. तेव्हा लिहिलं असतंस तर दोन गुद्दे घातले असते आणि मिटलं असतं. तू नाही लिहिलंस. मग म्हटलं, आजारच असू दे. आजारी माणसाबरोबर मी परत उभा राहू शकतो. कागद मिळाला, तेल लागलं, आईचा उपास झाला, सगळ्यांनी मानलं. मीही मानायला लागलो होतो, लूश. परवा तळघरात मी खरोखर मानलं होतं.”

“आता मी खरं सांगितलं ना? आता तर काही लपलेलं नाही.”

“तेच तर. आता मी डोळे मिटून, हात वर करून कसा उभा राहू? तुझ्याकडे पाठ असते माझी.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या दिवशी तोंड उघडायचं होतं तेव्हा मिटलंस. आज मिटायचं होतं तर उघडलंस.”

“माझ्या मनावर फार ओझं होतं रे.”

“होतं ना? आता मला दिलंस. मोकळा झालास?”

मी रडायला लागलो. त्याने खिशातला रुमाल काढून दिला. सवयीने दिला असावा, कारण देऊन झाल्यावर त्या रुमालाकडे तो जरा चमकून बघत राहिला. मग त्याने टाय सोडला, घडी करून खिशात घातला.

“फेल्डरला सांग, मला बरं नाही. आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिने देवाकडे मागून घेतलाय तुझा घसा. तेवढं तिच्याकडे राहू दे.”

मी गाडीतून उतरलो. तो निघून गेला.

वर पर्व्हिसने माझ्या मागे बघितलं, कोणी नाही. मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं. “सांगितलंस?” त्याने विचारलं. मी होय म्हणून मान हलवली. “मूर्खा,” एवढंच म्हणाला. दिवसभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

रेकॉर्ड झाली. मी पुढे उभा राहून गायलो. वरचा सूर पहिल्याच खेपेला लागला. फेल्डर काचेमागून अंगठे दाखवत होता.

रविवार, ३१ ऑक्टोबर

आज साक्ष द्यायचा रविवार. देवाने ज्याचं भलं केलं त्याने उठून सांगायचं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो आणि म्हणालो, देवाने माझा घसा बरा केला. आमेन, आमेन, चर्च म्हणालं. पर्व्हिस खाली बघत होता. अलोन्झो दाराशी हात मागे बांधून उभा होता आणि बाकीच्यांबरोबर तोही आमेन म्हणाला. स्पष्ट म्हणाला. मला ऐकू आलं.

कोरिन आज माझ्या शेजारी बसली नव्हती. मिस ओलाजवळ बसली होती, तिचा हात हातात घेऊन. सकाळी तिने फक्त एवढंच विचारलं होतं, “दोन वर्षं, ल्यूशियस?” मी म्हटलं होतं, दोन वर्षं. पुढचं तिने विचारलं नाही. तिला पुढचंही कळलं आहे असं मला वाटतं.

सुटल्यावर मिस ओलाने पायऱ्यांवर मला गाठलं. ती उपासाने खंगली आहे. तिने माझ्या गळ्यावरून हात फिरवला, जखम भरली आहे की नाही ते बघावं तसा.

“देवाने माझं ऐकलं,” ती म्हणाली. “घसा बरा झाला, रेकॉर्ड झाली. मग माझं पोरगं अजून पावाची गाडी का चालवतंय रे? विचारलं तर नुसतं हसतं. म्हणतं, आवाजाला विश्रांती देतोय. तो तुमच्यात का नाही आला?”

अलोन्झो दारातून आमच्याकडेच बघत होता.

“तू समजाव त्याला,” ती म्हणाली. “माझं नाही ऐकत. तुझं ऐकेल. तुझ्यावर त्याचा फार जीव आहे.”

मी म्हटलं, “समजावतो, मिस ओला.”